खाटेआधी कुलूप

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुमची छोटी संस्था गोदाघाटावर रात्री खिचडी वाटते. आता पेठ रोडला चार गुंठे जागा संस्थेच्या नावावर झाली आहे आणि तिथे बेघरांसाठी कमी खर्चातलं सामायिक घर बांधायचं आहे. तुमच्यातल्या एका विश्वस्तांचं म्हणणं, दोन मोठे हॉल काढून दुमजली खाटा टाकल्या की साठ माणसं सहज मावतील. तुम्हाला ते पटत नाही, पण त्यांना काय सांगावं तेही सुचत नाही. शिवाय खर्च किती येईल आणि राहणाऱ्यांकडून भाडं घ्यावं का, हेही तुम्ही विचारलं आहे.

मी आर्किटेक्ट आहे. नाशिकमध्ये वीसेक वर्षं निवारा केंद्रं, कामगारांच्या खोल्या, वसतिगृहं यांची नवी-जुनी कामं केली. माझं सुरुवातीचं एक काम अगदी तुमच्या विश्वस्तांच्या मनातल्यासारखंच होतं. जुनं गोदाम, पत्रा बदललेला, रांगेने दुमजली खाटा. डिसेंबरच्या थंडीत ते भरलं. होळीपर्यंत निम्म्या खाटा रिकाम्या पडल्या आणि तीच माणसं पुन्हा घाटाच्या पायऱ्यांवर दिसायला लागली. मी एका बाबांना विचारलं, तर ते म्हणाले, "ताई, इथं गाठोडं उशाला असतं. तिथं सकाळी चप्पल सापडंल का नाय याचा भरवसा नाय." त्या हॉलमध्ये लॉकर होते, पण किल्ल्या व्यवस्थापकाच्या टेबलात. खालच्या खाटा दांडगटांनी धरल्या होत्या, आणि गुडघे धरलेले म्हातारे वर चढता येत नाही म्हणून दोन खाटांच्या मधल्या फरशीवर पथारी टाकत होते. नकाशात सगळं नियमाप्रमाणे होतं. त्या दिवसापासून मी खाटा मोजणं सोडलं आणि कुलपं मोजायला लागले.

विश्वस्तांना सांगायला एक आकडा देते. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या निवारा योजनेत माणशी किमान पन्नास चौरस फूट जागा धरली होती. म्हणजे साठ माणसांना नुसती निजायला-बसायलाच तीन हजार चौरस फूट लागतात. आता आठ बाय तेराची एक खोली घ्या. झाली एकशे चार चौरस फूट. तिच्यात दोघं राहिले तर माणशी बावन्न. म्हणजे हॉलमध्ये जेवढी जागा द्यावी लागणार, तेवढ्याच जागेत दार, खिडकी आणि कडी असलेली खोली होते. वाढतो तो भिंतींचा, गॅलरीचा आणि जास्तीच्या संडासांचा खर्च. हॉल स्वस्त पडतो हे खरं, पण रिकामी पडलेली खाट सगळ्यात महाग असते, आणि हे मी हिशोबाच्या वहीत पाहिलं आहे.

हे नाशिकपुरतं नाही. फिनलंडच्या हेलसिंकी शहरात १९८५ साली निवाऱ्यांमध्ये २,१२१ खाटा होत्या; २०१६ मध्ये ५२ उरल्या. त्यांनी निवारे बंद करून माणसांना रस्त्यावर काढलं नाही, निवाऱ्यांचीच घरं केली. सॅल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवासंस्थेच्या अडीचशे खाटांच्या एका निवाऱ्याच्या २०१२ मध्ये ८१ छोट्या सदनिका झाल्या, प्रत्येकीला भाडेकरार आणि किल्ली. त्यांच्याकडे पैसा आणि सामाजिक सुरक्षा आहे, आपल्याकडे नाही, म्हणून ते जसंच्या तसं उचलता येणार नाही. पण आपल्या देशातलंही उदाहरण आहे. चेन्नईच्या 'द बनियन' संस्थेच्या 'होम अगेन' या कामात मानसिक आजारातून सावरलेल्या, घरच्यांनी परत न नेलेल्या बाया चार-पाच जणींच्या गटाने साध्या वस्तीतल्या साध्या घरात राहतात. २०१५ पासून ते चालू आहे. तुम्हाला जे बांधायचं आहे ते माझ्या मते या जातीचं आहे.

आराखड्याआधी माणसं. 'बेघर' हा शब्द आपण सरसकट वापरतो, पण घाटावर रात्री अकरानंतर नीट पाहिलंत तर चार-पाच वेगळी माणसं दिसतील. पेठ, सुरगाणा, हरसूलकडून पावसाळा संपला की येणारी आदिवासी कुटुंबं. ती पेठ नाक्यावर, दिंडोरी नाक्यावर उभी राहून बांधकामावर किंवा द्राक्षाच्या छाटणीला जातात आणि पेरणीला गावी परततात. तीर्थाला म्हणून आणून सोडून दिलेली म्हातारी माणसं. भंगार वेचणारे एकटे पुरुष. नवऱ्याने किंवा सासरने बाहेर काढलेल्या बाया. दवाखान्यातून सुट्टी मिळाली पण जायला जागा नाही असे आजारी. या सगळ्यांना एका छपराखाली घालू नका. हंगामी कुटुंबांना वर्षभराचं घर नको असतं, त्यांना आठ महिन्यांची खोली आणि चुलीला जागा हवी असते. तो वेगळा प्रकल्प आहे. तुमच्या चार गुंठ्यांत मी वृद्ध, एकट्या बाया आणि एकटे कामकरी पुरुष एवढेच घेईन. एकूण चोवीस जण.

चोवीस जणांचं एक वसतिगृह करू नका, सहा-सहा जणांची चार घरं करा. तळमजल्यावर दोन, वर दोन. हा सहाचा आकडा मी अनुभवाने धरला आहे. सहा जणांत कोणी गॅस चालू ठेवला, कोणी संडासात पाणी टाकलं नाही, हे सगळ्यांना माहीत असतं आणि बोलता येतं. बारा झाले की 'कोणीतरी' सुरू होतं, आणि वीस झाले की साफसफाईला माणूस ठेवावा लागतो. जुन्या नाशकातल्या वाड्यांत चौकातल्या एका नळावर पंधरा बिऱ्हाडं पाणी भरायची. त्या नळावरची भांडणं आजही तिथल्या आजींना पाठ आहेत. त्यांच्या बोलण्यातून मला एवढंच कळलं की भांडण स्वभावातून कमी आणि रांगेतून जास्त होतं.

प्रत्येक घरात चार खोल्या, आठ बाय तेराच्या. दोन खोल्या एकेकट्यांना, दोन खोल्या दोघादोघांना. दोघांच्या खोलीत मधोमध सहा फूट उंचीची दोन कपाटं पाठीला पाठ लावून उभी करा, एकाचं तोंड इकडे, एकाचं तिकडे. त्याने आडोसा होतो आणि हवा अडत नाही. कपाटाला कुलूप राहणाऱ्याचं स्वतःचं. दुसरी किल्ली संस्थेकडे असावी का, यावर तुमच्याकडे वाद होईल. माझं मत स्पष्ट आहे: खोलीची दुसरी किल्ली सीलबंद पाकिटात असावी, आणि पाकीट फोडलं तर का ते वहीत लिहावं. कपाटाची दुसरी किल्ली असूच नये. मोबाईल चार्जिंगचा प्लग कपाटाच्या आत घ्या. नाक्यावरच्या माणसाचं काम फोनवर येतं, आणि उघड्या प्लगवर लावलेला फोन राखत तो रात्रभर जागतो.

एकशे पन्नास चौरस फुटांचं स्वयंपाकघर आणि तिथेच बसायची जागा. दोन संडास, दोन न्हाण्या, भांडी-कपड्यांना एक मोरी, आणि सगळ्या खोल्यांपुढून चार फुटी गॅलरी. भिंती धरून एक घर साधारण नऊशे फुटांत बसतं. चार घरांचे ३,६००, जिना, देखभाल करणाऱ्या जोडप्याची खोली आणि कोठार मिळून आणखी पाचशे. म्हणजे ४,१०० चौरस फूट. सध्या साध्या पण टिकाऊ कामाला मी हिशोबाला दोन हजार रुपये फूट धरते, तेव्हा ८२ लाख, माणशी साधारण ३ लाख ४० हजार. सिंहस्थाची कामं सुरू असताना वाळू, गवंडी, सेंट्रिंगवाले सगळेच महाग होतात, म्हणून ठेकेदाराकडून भाव घेताना मुदत लिहून घ्या.

बायांची दोन्ही घरं वर ठेवा. त्यांचा जिना देखभाल करणाऱ्यांच्या दारासमोरून जावा, पण त्या जोडप्याच्या खिडकीतून बायांच्या गॅलरीत दिसू नये. मैत्रिणी म्हणवणाऱ्या दोघीही कधी कधी एकमेकींपासून लपून रडतात; त्यासाठी गॅलरीच्या टोकाला एक दगडी बाक एवढंही पुरतं. तळमजल्यावर एक घर वृद्ध पुरुषांचं, एक कामकऱ्यांचं. वृद्ध बायांची सोय तुम्ही लिहिलेली नाही. तुमच्या यादीत वर चढू न शकणाऱ्या दोघी जरी निघाल्या तरी वृद्धांचं घर बायांना द्या आणि म्हाताऱ्या बाबांना कामकऱ्यांच्या घरातल्या एकट्याच्या खोल्यांत घ्या. तरुण पुरुषांबरोबर म्हातारे पुरुष जमवून घेतात, उलट अनेकदा त्यांचं चहापाणी तरुणच पाहतात.

आता बारीकसारीक गोष्टी. देखरेखीचे पैसे इथेच वाचतात किंवा जातात, म्हणून जरा लांबण लावते.

खाटा लोखंडी, जोड वेल्डिंगचे, पाइपांची टोकं बंद केलेली. लाकडी किंवा प्लायच्या खाटेत ढेकूण एकदा शिरले की घर सोडत नाहीत, आणि उघड्या पाइपातही ते राहतात. गादीला रेक्झिनचं कव्हर. खाटेखाली सव्वा फूट मोकळी जागा, कारण गाठोडी तिथेच जाणार. फरशी शहाबादी किंवा कोटा. गुळगुळीत टाइल न्हाणीच्या आसपास नकोच. भिंतीला चार फुटांपर्यंत ऑइलपेंट. नळाचे पाइप भिंतीत गाडू नका, मागच्या बाजूने उघडे न्या. गळती लागली तर प्लंबरला तासाभराचं काम राहील, भिंत फोडून पुन्हा गिलावा करायची वेळ येणार नाही. संडासाची दारं बाहेर उघडणारी आणि कडी बाहेरून नाण्याने फिरवता येईल अशी. आत कोणी चक्कर येऊन पडलं तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगावर अडतं. वृद्धांच्या घरातल्या एका संडासात कमोड, दोन्ही बाजूंना धरायचे दांडे आणि उंबरा नाही. उंबऱ्याऐवजी फरशीला उतार द्या.

हवा खेळती हवी. एवढ्या जवळ राहणाऱ्या, दमलेल्या, कमी खाणाऱ्या माणसांत क्षयरोगाचा धोका खरा असतो. खिडक्या-दारं मिळून खोलीच्या क्षेत्रफळाच्या निदान एक षष्ठांश उघडीप ठेवा, आणि ती समोरासमोर येऊ द्या: एक खिडकी गॅलरीकडे, दुसरी बाहेर. दारावर जाळीचा झरोका. पण नाशिकची थंडी विसरू नका. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो. खिडकीला झडप आणि झरोक्याला सरकतं पान हवंच, नाहीतर लोक पुठ्ठे आणि गोणपाट कोंबून सगळी हवा बंद करतील. उन्हाळ्यासाठी गच्चीवर वीट-कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर, आणि वर पांढरा मुलामा.

अंघोळीच्या गरम पाण्याला सोलर लावा, त्याशिवाय अंगणात एक बंब ठेवा. कामकरी माणसं लाकडाचा भुगा, फळ्यांचे तुकडे साइटवरून आणतात, बंब त्यावर चालतो. बंबाभोवती थंडीत सकाळी गर्दी होते आणि रुसलेली माणसं तिथेच पुन्हा बोलायला लागतात. अंगणात हातगाडीला आणि भंगाराच्या गोण्यांना कुलूप लावता येईल असा पत्र्याचा आडोसाही करा. ज्याची गाडी बाहेर राहते तो स्वतः आत झोपत नाही. एखाद्याचं कुत्रं असेल तर ते त्या आडोशात राहील. "कुत्रं सोडून ये" म्हटलं की माणूसही येत नाही.

स्वयंपाकघराबद्दल एक गोष्ट कोणी नकाशात लिहीत नाही, ती लिहिते. चूल एक म्हटली की जात निघते. कोणाच्या हातचं पाणी, कोणाच्या तव्यावर काय भाजलं, सुके बोंबील घरात शिजवायचे की नाही. जातीप्रमाणे घरं लावली तर हे टळेल असं तुम्हाला कोणीतरी नक्की सुचवेल, आणि 'व्यवहाराला सोपं' म्हणून सुचवेल. ते करू नका. एकदा तशी विभागणी झाली की ती पुसता येत नाही, आणि ज्यांना गावात पाणवठा नाकारला त्यांना इथेही वेगळा माठ मिळेल. नकाशातून जे करता येतं ते एवढं: सहा जणांना सहा कुलूपबंद फडताळं, कडप्प्याच्या ओट्यावर दोन शेगड्या म्हणजे कोणी कोणासाठी थांबत नाही, खिडकी मोठी आणि बाहेरच्या बाजूला म्हणजे बोंबलाचा वास खोल्यांत जात नाही, आणि पिण्याच्या पाण्याला माठाऐवजी तोटीची स्टीलची टाकी म्हणजे ओगराळं कोणी बुडवलं हा प्रश्नच उरत नाही. बाकीचं तुम्ही समोर बसून बोलायचं आहे, आणि पहिल्याच आठवड्यात.

भाडं घ्याच. फुकट राहणाऱ्याला कधीही निघ म्हणता येतं, हे त्याला आणि तुम्हालाही माहीत असतं. पावती हातात असलेला माणूस नळ बिघडला तर तक्रार करतो. माझा अंदाज असा: एकट्याच्या खोलीला महिना १,५००, दोघांच्या खोलीत माणशी १,०००, आणि वृद्धांच्या घरात माणशी ३००, कारण त्यांच्याकडे फार तर संजय गांधी निराधार किंवा श्रावणबाळ योजनेचे महिना १,५०० रुपये येतील. सगळे भरले तर जमा २२,८००. पण पावसाळ्यात नाक्यावर काम नसतं, म्हणून पंच्याऐंशी टक्केच हाती येईल असं धरा, साधारण १९,४००. खर्च: देखभाल करणाऱ्या जोडप्याला १८,०००, वीज ५,०००, पाणी-कर २,०००, सफाईचं सामान २,५००, दुरुस्ती निधी ६,०००. झाले ३३,५००. म्हणजे दर महिन्याला चौदा हजारांच्या आसपास तूट, वर्षाला साधारण १ लाख ७० हजार. ही रक्कम दरवर्षी कुठून येणार हे बांधकामाच्या पहिल्या विटेआधी कागदावर लिहून ठेवा. बांधायला देणगीदार मिळतात, कारण दारावर नावाची पाटी लागते. पाण्याची मोटार जळली तर नवी घ्यायला कोणी मिळत नाही. आणि बांधकामासाठी कर्ज काढू नका. या भाड्यातून त्याचं व्याजही निघणार नाही. दुरुस्ती निधीला मात्र कोणत्याही महिन्यात हात लावू नका. भाडं आठवड्याने घ्या, रोजंदारीवाल्याला महिन्याची रक्कम एकदम साठवता येत नाही.

केंद्राच्या २०२० च्या परवडणाऱ्या भाड्याच्या घरांच्या योजनेत खोल्यांबरोबर खाटेच्या हिशोबाची वसतिगृहंही धरली होती, खाटेमागे दहा चौरस मीटरपर्यंत. प्रधानमंत्री आवास योजनेच्या २०२४ नंतरच्या टप्प्यातही भाड्याच्या घरांचा भाग आहे. अर्ज करा, पण तुमचा आराखडा त्या पैशावर टांगून ठेवू नका. आणि २०२० च्या त्या योजनेतून एक धडा घ्या: जुन्या योजनांत बांधलेली हजारो घरं देशभर रिकामी राहिली म्हणून ती भाड्याने द्यायची वेळ आली होती. घर कामापासून लांब गेलं की ते रिकामं राहतं. तुमची पेठ रोडची जागा नाक्यापासून चालत जाण्यासारखी आहे, ही तुमच्या प्रकल्पातली सगळ्यात मोलाची गोष्ट आहे. उद्या कोणी "ही जागा विकून शहराबाहेर दुप्पट घेऊ" म्हणालं तर ऐकू नका.

कागदांचं. प्रत्येकाशी स्वतंत्र लिव्ह अँड लायसन्स करार करा आणि तो नोंदवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे नोंदणीची जबाबदारी घरमालकाची, म्हणजे तुमची असते. तो कागद म्हणजे त्या माणसाचा पत्ता. त्यावर आधारवरचा पत्ता बदलतो, रेशनकार्ड निघतं, निराधार योजनेचा अर्ज भरता येतो. आपल्या राज्यात १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा अजून लागू आहे आणि रस्त्यावर बसलेल्या माणसाला उचललं जाण्याची भीती कायम असते. २०१५ च्या सिंहस्थाआधी घाट मोकळे झाले तेव्हा मी ओळखत होते त्यातली कितीतरी माणसं पुन्हा दिसली नाहीत. पुढचा सिंहस्थ २०२६-२७ चा. तोवर घर उभं राहिलं नाही तरी ज्यांना तुम्ही घेणार आहात त्यांची नावं, फोटो आणि तुमच्या संस्थेचं ओळखपत्र एवढं तरी आत्ताच करा.

जागा पंचवटीत म्हटल्यावर पुराचंही तपासा. पेठ रोडचा बराच भाग उंचावर आहे, पण वाघाडी नाल्याच्या जवळ असाल तर निळी आणि लाल पूररेषा नकाशावर पाहून घ्या. पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची ती निळी, शंभर वर्षांत एकदा येणाऱ्याची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधूच नका. दोन्हींच्या मध्ये परवानगी मिळाली तरी जोतं लाल रेषेच्या वर घ्या, कारण तळमजल्यावर तुमचे चालता न येणारे लोक असतील.

गोदाकाठीच गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे. खिचडी वाटायला जाता तेव्हा एकदा दिवसा आत जाऊन या, सोबत त्या विश्वस्तांनाही न्या. तिथली ओसरी आणि चौक बघा, कोण कुठे बसलंय, सामान कुठे ठेवलंय, कोण कशाला पाठ लावून झोपलंय ते बघा. मग तुमच्या यादीतल्या चोवीस जणांपैकी निदान दहा जणांना त्या चार गुंठ्यांवर घेऊन जा. चुन्याने आठ बाय तेराची खोली जमिनीवर आखा आणि त्यांना त्यात खाट कुठे, दार कुठे ते ठरवू द्या. मी हे दर वेळी करते, आणि दर वेळी दार निदान एका तरी खोलीत सरकतं.

आखून झालं की मोजमापं मला पाठवा. उत्तर दिशा, नळजोडणी कुठे येते, पाणी किती वाजता आणि किती वेळ येतं, आणि शेजारच्या भिंतीपासून अंतर किती, एवढं त्यावर लिहा. टाकी किती मोठी घ्यायची ते पाण्याच्या वेळेवर ठरेल, आणि जिना कोणत्या बाजूला घ्यायचा ते टाकीवर.